आई-बाबांच्या गोळ्यांची उजळणी: डब्यातली प्रत्येक गोळी अजून लागते का?

घरातल्या पंच्याहत्तरीच्या माणसाच्या औषधांत भर घालणारे पुष्कळ असतात. हृदयाचे डॉक्टर दोन गोळ्या लिहून देतात, गुडघ्याचे डॉक्टर तीन. डोकं गरगरतं म्हणून जवळच्या दवाखान्यातून आणखी एक येते, मेडिकलमधून सर्दीची पट्टी येते, शेजारच्या काकूंनी सांगितलेलं चूर्ण येतं. यातलं काही काढून टाकण्याचं काम मात्र कुणाकडेच नसतं. प्रत्येक डॉक्टर आपापल्या अवयवापुरतं बरोबरच लिहितात, पण सगळं मिळून एकाच म्हाताऱ्या शरीरात जातं याचा हिशेब कुणी मांडत नाही.

तो हिशेब घरच्यांनी मांडायचा आणि डॉक्टरांपुढे ठेवायचा. मी औषधांच्या दुकानात काम केलं आहे, आता ज्येष्ठ नागरिक संघातल्या मंडळींसोबत बसून त्यांच्या औषधांच्या याद्या करतो. त्या कामाची पद्धत इथे सविस्तर लिहितो आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो: कोणतीही गोळी घरच्या घरी बंद करायची नाही. घरी करायची ती तयारी. निर्णय डॉक्टरांचा, आणि ज्याची औषधं आहेत त्या माणसाचा.

वय वाढलं की तीच गोळी वेगळी का वागते

चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता हळूहळू कमी होत जाते. शरीरातलं पाणी आणि स्नायू घटतात, चरबीचं प्रमाण वाढतं. त्यामुळे चरबीत विरघळणारी डायझेपामसारखी औषधं तरुणाच्या शरीरातून जितक्या लवकर बाहेर पडतात, तितक्या लवकर म्हाताऱ्याच्या शरीरातून पडत नाहीत, कित्येक दिवस रेंगाळतात. मेंदूही अशा औषधांना जास्त संवेदनशील होतो. पन्नाशीत ज्या गोळीने नुसती छान झोप लागायची, तीच गोळी अठ्ठ्याहत्तरीत पहाटे बाथरूमकडे जाताना तोल घालवते.

मूत्रपिंडांसाठी रिपोर्टात पाहिला जाणारा क्रिएटिनीनचा आकडाही इथे फसवतो. तो स्नायूंवर अवलंबून असतो, त्यामुळे सडपातळ आजीबाईंचा क्रिएटिनीन ‘नॉर्मल’ दिसतो आणि मूत्रपिंड मात्र निम्म्या ताकदीने चालत असतं. म्हणून रिपोर्टमध्ये ईजीएफआर हा, मूत्रपिंडं किती गाळतात याचा अंदाज देणारा आकडा शोधा. नसेल तर पुढच्या तपासणीत मागून घ्या.

हे सगळं वैद्यकशास्त्राला नवीन नाही. अमेरिकेत डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धाश्रमांतल्या रुग्णांसाठी टाळावीत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. ती आज ‘बिअर्स निकष’ म्हणून ओळखली जाते आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. आयर्लंडच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये ‘स्टॉप’ आणि ‘स्टार्ट’ अशी जोडयादी काढली: एकीत थांबवण्याचा विचार करावा अशी औषधं, दुसरीत द्यायला हवीत पण दिली जात नाहीत अशी. ही दुसरी यादी मला फार महत्त्वाची वाटते. उजळणीचा हेतू गोळ्यांची संख्या कशीबशी घटवणं हा नाही. हाडं ठिसूळ झालेल्या आईला त्यावरचं औषध सुरूच झालेलं नसेल, तर तेही उजळणीतच लक्षात येतं.

खर्च कुठे कुठे होतो

२०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांत त्याचा मोठा भाग औषधांचा असतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू लागलं ही चांगलीच गोष्ट झाली, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. दर महिन्याला मेडिकलमध्ये जे बिल होतं ते त्यात बसत नाही.

दिवसाला बारा रुपयांची एक अनावश्यक कॅप्सूल धरा. वर्षाला ४,३८० रुपये होतात. अशा तीन असतील तर तेरा हजारांच्या वर. पेन्शन नसलेल्या घरात हा आकडा लहान नाही, आणि याच घरांत कधी कधी खरी गरजेची गोळी ‘या महिन्यात राहू दे’ म्हणून मागे पडते.

पण माझ्या मते मोठा खर्च गोळीच्या किमतीत नसतोच. झोपेच्या गोळीने पडून खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया, रुग्णालय, फिजिओथेरपी, दिवसभराची आया, मुलाची बिनपगारी रजा, आणि पुष्कळदा पुन्हा पूर्वीसारखं चालता न येणं. गोळ्यांमुळे रक्तातलं सोडियम उतरून बाबा बरळायला लागले की थेट आयसीयू. औषधांच्या चुकांमुळे जगभरात वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलर खर्च होतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मांडला. त्यात सगळ्या वयाचे रुग्ण येतात, पण सर्वाधिक औषधं घेणारा वयोगट कोणता हे वेगळं सांगायला नको.

टप्पा १: सगळं एका जागी आणा

एक मोठी पिशवी घ्या आणि घर फिरा. औषधांचा डबा ही फक्त सुरुवात. उशीजवळचा बाम, फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन, पर्समधली ॲसिडिटीची गोळी, देवघराच्या कपाटातली काढ्याची बाटली, हिमोग्लोबिनचं सिरप, आठवड्याला घ्यायची ड जीवनसत्त्वाची पुडी, गावाहून आणलेली ‘अंगदुखीची पूड’, हे सगळं पिशवीत यायला हवं.

डोळ्यांचे थेंब हमखास विसरतात. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब डोळ्यातून रक्तात जातात. त्यांनी नाडी मंद होऊ शकते आणि दमा असेल तर वाढू शकतो. बाबांना चक्कर येते म्हणून हृदयाच्या तपासण्या चालल्या आहेत आणि डोळ्यांच्या थेंबांबद्दल कुणी विचारलंच नाही, असं होऊ शकतं.

आयुर्वेदिक आणि घरगुती औषधंही मोजायची. ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात घेतलं तर बी.पी. वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. लघवीची गोळी चालू असेल तर आणखीच. शुगरच्या गोळीसोबत कारल्याचा रस आणि मेथीची पूड असेल तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. अंगदुखीची, दम्याची, बिनलेबलाची पूड असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवा, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आणि स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं, म्हणून तीसुद्धा एकदम बंद करू नका.

पिशवी भरताना रागावू नका. ‘हे कुणी सांगितलं घ्यायला?’ असं विचारलं की आई पुढची पुडी लपवते. मग यादी अपुरी राहते, आणि अपुरी यादी धोक्याची.

टप्पा २: यादी लिहा, घटकाच्या नावाने

वहीत आडवा कागद घेऊन रकाने आखा: कंपनीचं नाव, आतला घटक, ताकद किती मिलिग्रॅम, कधी घेतात, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी दिली, केव्हापासून. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगाचा: प्रत्यक्षात घेतात का? चिठ्ठीवर १-०-१ असतं आणि बाबा सकाळचीच घेतात, हे डॉक्टरांना माहीत नसतं. बी.पी. आटोक्यात नाही म्हणून ते दुसरी गोळी वाढवतात.

घटकाचं नाव पट्टीवर असतं, बारीक अक्षरात असेल तर मोबाईलने फोटो काढून मोठं करा. ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला तरी घटक कळतो. हा खटाटोप करायचाच, कारण एकच औषध दोन नावांनी घरात येतं. एका डॉक्टरांची टेल्मिसार्टन एका कंपनीची, दुसऱ्यांची दुसऱ्या कंपनीची, आणि आजोबा दोन्ही घेतात.

जोडगोळ्यांमध्ये हे अधिक अवघड होतं. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन घटक घालण्याची फार चाल आहे. सरकारने २०१६ मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर, २०१८ मध्ये फेरतपासणीनंतर ३२८ वर आणि २०२४ मध्ये आणखी १५६ वर बंदी घातली, तरी बाजारात मिश्रणं भरपूर आहेत. पॅरासिटामॉलचंच पाहा: गुडघ्याच्या गोळीत ते असतं, सर्दीच्या गोळीत असतं, आणि ‘कणकण वाटते’ म्हणून वेगळं घेतलेलं असतंच. तिन्हींची दिवसाची बेरीज करून यादीत लिहा. यकृताला त्रास गोळीच्या नावाने होत नाही, एकूण मात्रेने होतो.

टप्पा ३: प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न

ही गोळी कशासाठी सुरू झाली? ते कारण अजून आहे का? ती किती दिवसांसाठी होती?

बहुतेक घरांत तिसऱ्या प्रश्नावर सगळे गप्प होतात. पाच दिवसांसाठी दिलेली गोळी पाच वर्षं चालू राहते, कारण चिठ्ठी जुनीच दाखवली जाते, मेडिकलमधून ‘नेहमीचं’ म्हणून ते मिळतं, आणि ‘कायमच्या गोळ्या’ या एका शब्दात बी.पी., शुगर आणि दोन वर्षांपूर्वीच्या खोकल्याची गोळी सगळं एकत्र होतं. उत्तर माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह काढा. तुमच्या कामाचा निम्मा भाग ही प्रश्नचिन्हंच आहेत.

टप्पा ४: या गोळ्यांवर खूण करा

खालची औषधं दिसली म्हणजे डॉक्टर चुकले असं नाही. काहींना ती खरोखर लागतात. पण साठी-सत्तरीच्या पुढे यांच्याबद्दल विचारलंच पाहिजे.

झोपेच्या आणि ‘टेन्शनच्या’ गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम. माझ्या मते आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या डब्यातली ही सगळ्यात दुर्लक्षित जोखीम आहे. यांनी तोल जातो, विसरायला होतं, सकाळी डोकं जड राहतं, आणि काही आठवड्यांत शरीराला सवय लागते. मग गोळी न घेतल्याने झोप उडते आणि ‘बघा, गोळीशिवाय झोपच येत नाही’ असा समज पक्का होतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि झोल्पिडेम ही अनुसूची एच-१ मधली औषधं आहेत. मार्च २०१४ पासून दुकानदाराने ती चिठ्ठी पाहून द्यायची, वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षं जपायची असा नियम आहे. चिठ्ठीशिवाय सहज मिळत असेल, तर ती सोय नाही, धोका आहे.

यातून सुटका होऊ शकते, याचा चांगला पुरावा आहे. कॅनडात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्पॉवर’ अभ्यासात ज्येष्ठांना या गोळ्यांचे तोटे आणि हळूहळू कमी करण्याची पद्धत सांगणारी पुस्तिका फक्त हातात दिली गेली. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण थांबवली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. माणसाला नीट समजावून सांगितलं तर तो स्वतःच पुढाकार घेतो, वय कितीही असो.

ॲसिडिटीच्या गोळ्या. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल. दुखण्याच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत पोटाला संरक्षण म्हणून, किंवा अन्ननलिकेच्या ठरावीक आजारांत त्या दीर्घकाळ लागतात. तसं कारण नसेल तर आठ आठवड्यांच्या पुढे चालू ठेवू नयेत, असं बिअर्स निकष सांगतात. लांबलेल्या वापराचा संबंध हाडं मोडणं, बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होणं, आतड्यांचा संसर्ग यांच्याशी आढळला आहे. मेटफॉर्मिननेही बी-१२ उतरतं, म्हणजे शुगर आणि ॲसिडिटी दोन्हींच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या माणसाची बी-१२ तपासणी करून घ्यायलाच हवी.

या कॅप्सूलच्या जोडीला काय आहे तेही वाचा. डॉमपेरिडोन असेल तर त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, साठीनंतर जास्त. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्येच त्याचा वापर थोड्या मात्रेत, साधारण आठवड्याभरापुरता मर्यादित केला. लेव्होसल्पिराइड असेल तर हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा भावहीन होणं असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. साध्या गॅससाठी हे घटक महिनोन् महिने पोटात जाणं मला अजिबात पटत नाही.

दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब, आयबुप्रोफेन. यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, बी.पी. चढतं, पायांवर सूज येते, मूत्रपिंडं बिघडतात. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बी.पी.ची गोळी, त्यासोबत लघवीची गोळी आणि वर ही दुखण्याची गोळी, असं त्रिकूट झालं तर मूत्रपिंडांना एकदम फटका बसू शकतो. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत हा धोका आणखी वाढतो. आषाढी वारीला निघणाऱ्या ज्येष्ठांनी तर या त्रिकुटाबद्दल डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावं: दिवसभर चालणं, घाम, कमी पाणी आणि रात्री पाय दुखतात म्हणून गोळी, हे सगळं तिथे एकत्र येतं.

शुगरच्या गोळ्या. ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड यांनी साखर खाली जाऊन बराच वेळ खालीच राहू शकते. म्हाताऱ्या माणसात साखर उतरल्याची खूण घाम-थरथर अशीच दिसेल असं नाही. कधी नुसतं गोंधळणं, चिडणं, झोप येणं. नाजूक प्रकृतीच्या ज्येष्ठांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज) सातच्या खाली आणण्याचा अट्टहास नको, आठच्या आसपास चालतं, असं मधुमेहाचे मार्गदर्शक निकषही मानतात. एकादशी, चतुर्थी, नवरात्र असे उपास आई करत असेल तर त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती गाळायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं त्या सकाळी आठवत नाही.

सर्दी, खाज आणि चक्कर यांच्या गोळ्या. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, डोकं भ्रमिष्ट होतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते. चक्करेसाठी दिलेली सिनॅरिझिन महिनोन् महिने चालली तर तिनेही पार्किन्सनसारखी लक्षणं येतात.

ॲस्पिरिन. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा स्टेंट झालेल्यांना ती लागते आणि ती बंद करणं जिवावर बेतू शकतं. पण काहीच झालेलं नसताना ‘खबरदारी म्हणून’ सत्तरीनंतर ती सुरू करण्यात फायदा नाही, उलट रक्तस्राव वाढतो, हे १९ हजारांहून अधिक लोकांवरच्या ‘ॲस्प्री’ चाचणीने २०१८ मध्ये दाखवलं.

याखेरीज दोन नोंदी. बी.पी.च्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड असेल तर सोडियम अधूनमधून तपासा. नैराश्याची गोळीही चालू असेल तर नक्कीच. आणि ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी ठरावीक आठवड्यांसाठी असते. ती थांबवायची राहून गेली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण येऊ शकतं.

टप्पा ५: गोळीमागून गोळी आली का ते पाहा

आता यादी तारखांच्या क्रमाने पुन्हा लिहा आणि शेजारी त्या त्या वेळी सुरू झालेली तक्रार लिहा. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध येतं, ही साखळी फक्त अशा मांडणीतच दिसते. १९९० च्या दशकात रोशॉन आणि गुर्विट्झ या संशोधकांनी तिचं नीट वर्णन केलं.

आपल्याकडे वारंवार दिसणाऱ्या साखळ्या सांगतो. बी.पी.साठी ॲम्लोडिपिन सुरू होतं, घोट्याला सूज येते, सुजेसाठी लघवीची गोळी येते, रात्री तीनदा उठावं लागतं, झोपमोड होते म्हणून झोपेची गोळी येते. शेवटची पायरी म्हणजे बाथरूममध्ये पडणं. दुसरी: गॅससाठी लेव्होसल्पिराइड, त्याने हात कापू लागले, म्हणून थरथरीवरचं ट्रायहेक्सिफेनिडिल, त्याने विसराळूपणा वाढला, म्हणून स्मृतिभ्रंशाची गोळी. तिसरी: गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी रोज, तिने बी.पी. चढलं, बी.पी.ची गोळी वाढली.

नवी तक्रार सुरू झाली की पहिला प्रश्न हाच असावा: गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कोणती गोळी नवी सुरू झाली किंवा वाढली? हा प्रश्न विचारायची सवय घरात सगळ्यांना लागली तर निम्म्या साखळ्या दुसऱ्या कडीलाच तुटतील, असं मला मनापासून वाटतं.

टप्पा ६: आठवडाभर घरी नोंदी

डॉक्टरांना गोळी कमी करायची असेल तर आधार लागतो. बी.पी. झोपून पाच मिनिटांनी मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. शेजारी धरायला कुणीतरी असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते ठळक लिहा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांत हे विशेष पाहावं. साखरेच्या नोंदी, वजन, किती वेळा पडले किंवा पडता पडता वाचले, शौच, झोप, आणि वर्षभरातले क्रिएटिनीन, सोडियम, पोटॅशियमचे रिपोर्ट एका फाईलमध्ये लावा.

टप्पा ७: एक डॉक्टर ठरवा आणि नीट विचारा

सगळी औषधं एकत्र पाहणारा एक जण हवा. फॅमिली डॉक्टर किंवा एम.डी. मेडिसिन झालेले डॉक्टर चालतात. मोठ्या शहरांत वृद्धांसाठी वेगळी ओपीडी असते, मुंबईत जे. जे. रुग्णालय हे राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमातलं प्रादेशिक केंद्र आहे.

ताप-खोकल्याच्या भेटीत शेवटच्या मिनिटाला हा विषय काढू नका. ‘फक्त औषधं दाखवायला यायचं आहे’ म्हणून वेगळी वेळ घ्या. आई किंवा बाबांना सोबत न्या, त्यांच्या वतीने परस्पर बोलू नका. सुरुवात अशी करा: ‘डॉक्टर, बाबांच्या एकूण अकरा गोळ्या झाल्या आहेत, सगळ्यांची यादी आणली आहे. गेल्या तीन महिन्यांत ते दोनदा पडले. यातल्या कोणत्या नक्की लागतात आणि कोणती कमी करून पाहता येईल, ते सांगाल का?’ नेटवरचं पान पुढे करून ‘ही गोळी वाईट आहे असं लिहिलंय’ म्हटलं की संवाद तिथेच अडतो. त्यांनी गोळी चालू ठेवायची ठरवली तर कारण विचारा आणि यादीत लिहा. ‘स्टेंटमुळे’ हे उत्तर मिळालं तर तुमचं एक प्रश्नचिन्ह सुटलं, तेही काही कमी नाही.

दुसऱ्या तज्ज्ञांनी दिलेली गोळी बंद करायला फॅमिली डॉक्टर कचरतात, हे स्वाभाविक आहे. अशा वेळी यादीवर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या आणि त्या तज्ज्ञांना दाखवा.

आईला काय हवं आहे, हेही या भेटीत बोललं जावं. काहींना आणखी काही वर्षांचा विचार महत्त्वाचा वाटतो, काहींना रोज देवळापर्यंत चालत जाता येणं. औषधांची निवड त्यावरही ठरते.

टप्पा ८: कमी करताना

एका वेळी एकच. दोन गोळ्या एकदम काढल्या आणि त्रास झाला तर कशामुळे ते कळत नाही. कोणती, किती, किती दिवसांनी आणि काय झालं तर परत यायचं, हे लिहून घ्या.

काही औषधं अचानक थांबवणं धोक्याचं असतं: झोपेच्या गोळ्या, मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या, क्लोनिडिन, स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या, नैराश्याच्या गोळ्या, पार्किन्सनचं लेव्होडोपा. या पायरीपायरीने, काही आठवडे किंवा महिने घेऊन उतरवतात. झोपेची गोळी कमी करताना मधल्या काही रात्री वाईट जातातच; ते आधीच सांगितलेलं असलं की माणूस घाबरून परत गोळीकडे वळत नाही. ॲसिडिटीची गोळी थांबवल्यावर काही दिवस जळजळ उलट वाढते. तो आम्ल उसळून येण्याचा काळ असतो, गोळी लागतेच असा त्याचा अर्थ लगेच काढू नये.

बंद झालेल्या पट्ट्या त्याच दिवशी डब्यातून काढा. ‘असू दे, लागली तर’ म्हणून ठेवलेली गोळी दोन महिन्यांत परत सुरू होते.

टप्पा ९: रुग्णालयातून घरी येताना

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दाखल असताना सुरू झालेली ॲसिडिटीची, झोपेची, दुखण्याची गोळी डिस्चार्ज कार्डावर तशीच उतरते. घरी जुना डबा असतो, हातात नवी पिशवी असते, आणि आजी दोन्हींतलं घेतात. घरी निघण्याआधीच जुनी यादी आणि नवं कार्ड शेजारी ठेवून विचारा: जुन्यातलं काय थांबलं, काय बदललं, नवं किती दिवस? उत्तरं कार्डावरच लिहून घ्या. मग घरी गेल्या गेल्या डबा रिकामा करून नव्याने भरा.

टप्पा १०: खरेदी आणि रोजचं घेणं

यादी ठरली की किमतीकडे वळा. आधी गोळ्या कमी, मग स्वस्त, असा क्रम ठेवा. जनऔषधी केंद्रांत तोच घटक साधारण ५० ते ८० टक्के कमी किमतीत मिळतो. मात्र ब्रँड बदलला की गोळीचा रंग-आकार बदलतो, ज्येष्ठ मंडळी रंगावरून गोळी ओळखतात, म्हणून जुनी पट्टी आधी काढून टाका. औषधं बदलत असतील त्या काळात तीन महिन्यांचा साठा करू नका, ॲपवरची आपोआप होणारी मासिक ऑर्डरही थांबवा.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, चहाच्या किमान अर्धा तास आधी. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास दूर. इसबगोलही इतर गोळ्यांसोबत लगेच नको. ही पथ्यं पाळली नाहीत तर औषध कमी लागू पडतं, रिपोर्ट बिघडतो आणि मात्रा वाढवली जाते.

गोळीने अंगावर पुरळ आलं, तोल गेला, रक्तस्राव झाला, तर डॉक्टरांना कळवाच. शिवाय भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाला किंवा नातेवाइकालाही तक्रार नोंदवता येते.

यादीची एक प्रत डब्याच्या झाकणात, एक आई-बाबांच्या पाकिटात, एक फोटो परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांच्या मोबाईलमध्ये ठेवा. प्रतीवर तारीख घाला. सहा महिन्यांनी, आणि त्याआधीही रुग्णालयात दाखल झाल्यास, पडल्यास, वजन बरंच उतरल्यास किंवा नवे डॉक्टर जोडले गेल्यास, पिशवी पुन्हा भरायची आणि पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करायची.